नवव्या दिवसाचा पडदा

सावली हीच माणसाची खरी आठवण, बाकी सगळं शाई आणि कागद. हे वाक्य आमच्या चित्रकलेच्या सरांचं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही दोघे शाळेच्या मैदानावर कबड्डीचे पंच म्हणून उभे होतो. सर माझ्या सावलीत उभे होते, कारण त्यांची टोपी स्टाफरूममध्ये राहिली होती.

शाळा डिंगोऱ्याच्या पुढे, नदीकाठच्या एका गावात. मी मराठी शिकवायचो, ते चित्रकला. माझ्याहून बारा-चौदा वर्षांनी मोठे, मूळचे आण्याच्या पठारावरचे. घरात मेंढरं होती, वडील आयुष्यभर कळपामागे फिरले. सर आता परत तिकडेच, धाकट्या भावाकडे असतात. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, तब्येत ठीक आहे. फोनवर पाच मिनिटं बोलतात, त्यातली चार पावसाबद्दल. तेव्हा हा काही मृत्युलेख नव्हे. मृत्युलेख मी पुष्कळ लिहिले, त्यांच्याबद्दल येईलच.

सर कोणाच्याही तोंडाकडे बघून बोलत नसत. तुमच्या मागच्या भिंतीवर तुमची सावली पडली असेल तर तिच्याकडे बघत, नसेल तर तुम्ही पाठ फिरवेपर्यंत थांबत. मुख्याध्यापकांना हे फार लागायचं. एकदा ते न राहवून म्हणाले, "अहो, मी इकडे आहे." सर म्हणाले, "हो, दिसताय की," आणि भिंतीकडेच बघत राहिले.

पाचवी-सहावीच्या पोरांना ते चेहरा काढू देत नसत. दोन वर्षं फक्त पाठी. बाक उलटे फिरवून पोरं एकमेकांच्या पाठी काढत. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हा कुठला उपक्रम? सर म्हणाले, "चेहरा सगळ्यांना ओळखू येतो साहेब. माझा बाप तीनशे मेंढरं पाठीवरून ओळखायचा. तोंडं सगळ्यांची सारखीच असतात." साहेबांनी शेरावहीत 'निरीक्षणशक्तीवर भर' असं लिहिलं आणि जाताना सरांकडे पाठ होऊ नये म्हणून जरा तिरके चालत गेले.

दहावीच्या निरोप समारंभाला फोटोग्राफर येई, पण सरांचा खरा कार्यक्रम आदल्या दिवशी असे. वर्गाची खिडकी बंद करून, एका दिव्यापुढे एकेका पोराला उभं करायचं आणि मागे टांगलेल्या जुन्या चादरीवर त्याची सावली कोळशाने आखून घ्यायची. वर नाव लिहायचं नाही. या चादरींचा ढीग त्यांच्या घरी माळ्यावर होता. दहा वर्षांनी एखादा माजी विद्यार्थी पेढे घेऊन आला की सर त्याला ओळखत नसत. मग तो वळून चपला घालायला लागला की दारातून हाक मारत, "अरे, तू तर डाव्या खांद्याचा!"

आता दहाव्याबद्दल सांगायला हवं. आमच्या जुन्नर-आंबेगावकडे माणसाचा दहावा हा एक जाहीर कार्यक्रम असतो. सकाळी सातला नदीच्या घाटावर मांडव, खुर्च्या, माईक. एक महाराज प्रवचन करतात. मग श्रद्धांजलीची भाषणं. तालुक्याचे पुढारी ओळीने बोलतात, कारण गर्दी आयती जमलेली असते. गेलेल्याबद्दल दोन वाक्यं आणि मंजूर झालेल्या रस्त्याबद्दल दहा. पलीकडे पिंड मांडून घरची माणसं कावळ्याची वाट बघत असतात. पुष्कळदा कावळा पुढाऱ्यांच्या आधी येतो.

मी मराठीचा शिक्षक म्हणून माईक माझ्याकडे. 'अत्यंत मनमिळाऊ, कष्टाळू आणि सर्वांना हवंहवंसं व्यक्तिमत्त्व' हे मी इतक्या लोकांबद्दल म्हटलं आहे की त्यांतला एक जण सख्ख्या भावाशी वीस वर्षं बोलत नव्हता, हे मला नंतर त्या भावानेच सांगितलं. त्याने तक्रार केली नाही. म्हणाला, "गुरुजी, वाचलं मातर झ्याक."

शाळेचा शिपाई गेला तेव्हा घाटावर त्याचा फ्लेक्स लागला. फोटोवाल्याने आधार कार्डावरचा चेहरा उचलून एका निळ्या कोटावर बसवला होता आणि मागे बर्फाचे डोंगर टाकले होते. शिपायाने उभ्या जन्मात कोट घातला नव्हता. बाजूला गाडीवर मोठा स्क्रीन, त्यावर त्याचेच चार फोटो गाण्यासकट फिरत होते. सर खुर्चीवरून उठले आणि मोठ्याने म्हणाले, "हा तो नव्हेच." पुढारी बोलायचे थांबले. मी माईकवर "यानंतर" म्हणालो आणि वेळ मारून नेली.

त्याच संध्याकाळी शिपायाच्या अंगणात सरांनी धोतराचा पडदा बांधला. मागे दिवा लावला आणि शिपायासारखाच सडपातळ, एका पायावर भार टाकून उभा राहणारा गावातला न्हावी आणून पडद्यामागे उभा केला. त्याच्या हातात दांडकं दिलं. न्हाव्याने काही केलं नाही, फक्त हात वर नेला आणि शाळेचा टोल द्यायच्या आधी शिपाई थांबायचा तसा क्षणभर थांबला. मग हात खाली आला. आवाज झालाच नाही, टोल तिथे नव्हताच. शिपायाची बायको ताडकन उठून उभी राहिली.

त्यानंतर लोक बोलवायला लागले. दहाव्याला महाराज आणि पुढारी, त्यामुळे सरांना आदली संध्याकाळ मिळाली, नवव्या दिवसाची. दिवेलागणीला सुरू, सातच्या आत बंद. उसातून बिबट्या फिरतो, त्यामुळे लोकांना फार रात्र व्हायच्या आत घरी पोचायचं असे आणि शोकालाही वेळेची शिस्त होती. लोक त्याला सरांचा खेळ म्हणत. सर म्हणत, "उभं करणं." "परवा राजुरीला एकाला उभं करायचंय," असं ते स्टाफरूममध्ये सहज बोलत आणि नवीन लागलेल्या बाई घाबरत.

पद्धत ठरलेली. आधी घरच्यांना विचारायचं, तो काय करताना जास्त दिसायचा? धार काढताना, बिडी पेटवताना, नातवाच्या चपला शोधताना. मग तशी पाठ, तसे खांदे असलेला माणूस पंचक्रोशीत हुडकायचा. गाणं नाही, बोलणं नाही. दहा मिनिटं.

पडद्यामागे माणसाच्या मागे सात-आठ फुटांवर दिवा असे. दोनशेचा साधा बल्ब, त्याच्या मागे तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा, सगळं एका बांबूला बांधलेलं. तो बांबू वहिनींच्या हातात, म्हणजे सरांच्या पत्नीच्या; गाव त्यांना मास्तरीणबाई म्हणे. पडद्यामागचा माणूस खाली बसला की दिवा खाली घ्यावा लागे, चालला की सरकवावा लागे. त्यांच्या शेजारी वायर सांभाळत सुमनताई बसायची, ती शेजारघरची. सर पडद्याच्या कडेला उभे राहून सगळ्यांना हाताने खुणा करत. चाचणीच्या वेळी मात्र ते पुढे येऊन बघत आणि दर वेळी एकाच गोष्टीवरून ओरडत.

"हात हालतोय तुझा."

"हात हाये, खिळा न्हाई," वहिनी आतून म्हणत.

"सगळी सावली वरखाली होते."

"मग खिळ्यालाच लगीन लावायचं व्हतं."

बांबू जड होता. दोन-तीन मिनिटांनी त्या तो एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत, तेव्हा दिवा किंचित खाली जाऊन परत वर येई. पुढे बसलेल्यांना तेवढंच दिसे की सावलीचे खांदे उचलले गेले आणि सैल झाले. आमच्याकडे सगळे म्हणायचे, सरांच्या पडद्यावरची सावली श्वास घेते. लांबून माणसं यायची ती त्यासाठीच. सरांना हे कौतुक आवडत नसे. ते त्याला दोष समजत.

सगळ्यांत जास्त बोललं गेलं ते दगडूच्या नवव्याबद्दल. दगडू आणि बबन यांची शेतं लागून, मधल्या बांधावरून तीस वर्षं भांडण, जुन्नरच्या कोर्टात केस. दगडू गेला. आडवा बांधा, एक खांदा पुढे काढून उभं राहायची सवय. सरांना तसा माणूस चार गावांत मिळेना. आठव्या दिवशी बबन आपण होऊन सरांच्या ओट्यावर आला. मी तिथेच चहा पीत होतो.

"सर, मी हुबा ऱ्हातो."

सरांनी त्याला वळायला सांगितलं. पाठ बघितली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "पण तो उभा कसा राहायचा ते कुठं माहितीय तुला?"

"मला न्हाई तर कुणाला?" बबन म्हणाला. "तीस वरीस रोज सकाळी त्यालाच बगितलंय. त्याच्या बायकूनं बगितला नसंल तेवडा म्या बगितलाय."

हे कळल्यावर दगडूचा मुलगा कुऱ्हाड आणायला निघाला होता. त्याच्या आईने त्याला बसवलं. म्हणाली, "यिऊ दे त्याला. मला बगायचंय."

नवव्या संध्याकाळी बबन पडद्यामागे फावड्यावर एक पाय टेकून उभा राहिला. खांदा पुढे. मग मान वळवली आणि शेजारच्या शेताकडे, म्हणजे स्वतःच्याच शेताकडे, अशा काही ताठ्याने बघितलं की अंगणात कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. खांदे उचलले गेले, सैल झाले. दगडूची बायको सावलीला म्हणाली, "झालं का पाण्याचं दारं धरून? च्या गार व्हतोय."

ती हे रडत म्हणाली नाही. नेहमीच्या वैतागलेल्या आवाजात म्हणाली. पडद्यामागे बबन तसाच उभा राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा ओला होता. दगडूच्या मुलाने त्याला पाणी दिलं. कोर्टाच्या पुढच्या तारखेला दोन्ही बाजू वेळेवर हजर होत्या.

हे कुणीतरी मोबाईलवर घेतलं आणि ते पुण्यात पोचलं. तिथे एका कलादालनात तीन दिवसांचा महोत्सव होता; नाव 'स्मृती, छाया, अनुपस्थिती'. पत्रिकेत सरांना 'ग्रामीण छायासाधक' म्हटलं होतं आणि त्यांचं काम 'मृत्यूच्या सार्वजनिकतेला दिलेला हळुवार नकार' आहे, असं लिहिलं होतं. मी ते सरांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "जेवण आहे का?"

सर, बबन आणि मी गेलो. वहिनी आल्या नाहीत. म्हशीची धार कोण काढणार, हा प्रश्न होता, आणि दिव्याला तिथे स्टँड होता. चांगला, लोखंडी, चाकांचा.

खेळाआधी संयोजक बाई आमच्याशी बोलायला आल्या. फार भल्या होत्या. सरांनी त्यांना विचारलं, "इथं कोण गेलंय?"

"म्हणजे?"

"म्हणजे कोणाला उभं करायचं?"

"कोणीही चालेल ना," त्या म्हणाल्या. "कल्पनेतलंही."

सरांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या मागच्या पांढऱ्या भिंतीकडे. "कल्पनेतल्या माणसाला मरायला काय जातंय?" ते पुटपुटले. शेवटी दगडूलाच उभं करायचं ठरलं.

बबनने सगळं तसंच केलं. पाय, फावडं, खांदा, मान. पडद्यावर एक सावली होती आणि ती शेवटपर्यंत सावलीच राहिली, भिंतीवर लावलेल्या पुठ्ठ्यासारखी. टाळ्या मात्र भरपूर झाल्या. एक दाढीवाले गृहस्थ रुमाल डोळ्यांना लावून बसले होते. आमच्या आधी एक मुलगी पाऊण तास बादलीत मीठ ओतत होती, तेव्हाही ते रडले होते. नंतर प्रश्नोत्तरं झाली. एकाने विचारलं, तुमच्या प्रतिमेतल्या स्तब्धतेकडे तुम्ही कसं बघता? सर म्हणाले, "तेच बघतोय."

परत येताना आळेफाट्यावर चहाला उतरलो. बबनने बशीत चहा ओतला आणि तो तसाच निवू दिला.

"सर, आज दगडू आलाच न्हाई," तो म्हणाला.

"पडदा सिंथेटिक होता," सर म्हणाले.

पुढचं वर्षभर ते पडद्यालाच दोष देत राहिले. घरी पोचल्यावर वहिनींनी विचारलं, "दिवा कुणी धरला?"

"स्टँड होता."

"मंग बेस झालं. हालला नसंल."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. मी तिथे होतो. त्यांना खरंच बरं वाटलं होतं.

वहिनी माघात गेल्या. सकाळी नळाला पाणी आलं म्हणून उठल्या, हंडा लावून शेजारी टेकल्या, त्या तशाच राहिल्या. हंडा भरून पाणी रस्त्यावर आलं तेव्हा सुमनताईने बघितलं. मूलबाळ नव्हतं. आण्याहून भाऊ, पुतणे आले.

आठव्या दिवशी दुपारी सर माझ्याकडे आले. दारात उभे राहिले, आत येईनात.

"उद्या नववा," ते म्हणाले. "हिला उभं करायचंय. बाई सापडत नाही."

मी म्हणालो, सापडेल. शेवटच्या दिवशी सापडते, असं तुम्हीच म्हणता.

"तसं नव्हे. कशी बाई शोधायची, तेच कळत नाही." ते प्रथमच माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला ते सहन होईना. "तुम्हाला आठवतंय? ती उभी कशी राहायची?"

मी आठवायला लागलो. वहिनींचा चेहरा आठवत होता, आवाज आठवत होता, माझ्या बायकोला दिलेलं लोणचं आठवत होतं. पण मी कायम पडद्याच्या पुढे बसलेलो. म्हणालो, "सर, तुम्ही तर आतच असायचात."

"मी तिच्याकडे बघितलं की डोळ्यांवर दिवा यायचा," ते म्हणाले.

त्यांच्या माळ्यावर सव्वीस वर्षांच्या दहावीच्या चादरी गुंडाळून ठेवलेल्या होत्या. मुख्याध्यापकांची सावली होती, माझी होती, टपाल टाकायला आलेल्या पोस्टमनचीही होती. बायकोची नव्हती. एकदा आखायला घेतली होती म्हणे. त्या म्हणाल्या, "माझी कशाला? मी हाये की हितं." आणि खरंच, दिवा धरायला दुसरं कोणी नव्हतं.

त्या दिवशी सर गावभर फिरले. पाणवठा, दूध डेअरी, रेशनचं दुकान. बायकांच्या पाठीकडे बघत चाललेला म्हातारा माणूस. दुसऱ्या कुठल्या गावात मार खाल्ला असता. आमच्या गावातल्या बायका हातातलं काम थांबवून पाठ करून उभ्या राहत होत्या.

नवव्या संध्याकाळी सरांच्या अंगणात मावणार नाहीत एवढी माणसं आली. पुढे जमिनीवर ती सगळी, ज्यांच्या घरचं कोणीतरी या पडद्यावर येऊन गेलं होतं. शिपायाची बायको, दगडूची बायको, तिच्यापासून चार हात लांब बबन. पडदा बांधलेला. बांबू कोण धरणार हा प्रश्न आला तेव्हा सुमनताई उठली आणि आत गेली.

सर पुढेच थांबले. बायका एकेक करून पडद्यामागे जात होत्या. एक सूप घेऊन गेली, एक धारेला बसते तशी बसली, एकीने नुसता पदर खोचला. सर प्रत्येक वेळी थोडं थांबून म्हणत, "नाही." रागाने नाही. दुकानात मापाची चप्पल मिळत नसली की म्हणतो तसं. पाचवी, सहावी. "नाही. थोडी उंच. नाही, उंच नव्हे." सातवी बाई बाहेर येता येता रडायला लागली, म्हणाली, "सर, मला माफ करा." जणू तिचाच काही गुन्हा होता.

मग कोणी उठलं नाही. पडदा रिकामा. सुमनताईला थांब म्हणून कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती आत बांबू धरून तशीच उभी होती. धोतरातून उजेडाचा गोळा दिसत होता, बाकी काही नाही. सर खाली मान घालून उभे होते. दोन मिनिटं गेली असतील, तीन गेली असतील.

उजेड थोडा खाली गेला, थांबला आणि परत वर आला.

अंगणात एकदम काहीतरी झालं. म्हणजे कोणी बोललं नाही, पण पन्नास-साठ माणसांनी एकदम श्वास ओढला की आवाज होतो, तो झाला. दगडूच्या बायकोने पदर तोंडाला लावला. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "मास्तरीणबाई." मी स्वतः वीस वर्षं त्या पडद्यासमोर बसलो होतो. माझ्या अंगावर काटा आला, आणि असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही.

सरांनी मान वर करून पडद्याकडे पाहिलं.

"सुमन, हात हालतोय तुझा," ते म्हणाले. "नीट धर."

सरांनी वळून आमच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांसमोर रडणारी माणसं होती आणि मागे रिकामा पडदा. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "कोण दिसलं?"

बबन उठून त्यांच्याजवळ गेला. "सर," तो म्हणाला, "बाई दिसल्या."

"कुठं?"

बबनने पडद्याकडे हात केला. पडद्यावर उजेड होता. सर बघत राहिले. उजेड आता अगदी स्थिर होता, कारण सुमनताईने आत ऐकलं होतं आणि ती हात न हलवता उभी होती.

सात वाजत आले होते. लोक उठले, काठ्या घेऊन घोळक्याने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी घाटावर दहावा झाला. मी आदल्या रात्री काही वेगळं लिहायला बसलो होतो, ते जमलं नाही. 'अत्यंत मनमिळाऊ, कष्टाळू' हेच वाचलं. वहिनींच्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं, त्यामुळे जास्तच खोटं वाटलं. दोन पुढारी बोलले. कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, बाईंची काही इच्छा राहिली नव्हती.

त्या संध्याकाळी सरांनी सुमनताईला परत बोलावलं. पडदा सोडलेलाच नव्हता. सरांनी पडद्यासमोर खुर्ची टाकली, सुमनताईने मागे बांबू धरला. पुढच्या संध्याकाळीही तेच. मी तीन-चार वेळा जाऊन बसलो. दोघांच्या मधे एक धोतर आणि कोणीच काही करत नाही.

"दिसलं का?" मी एकदा विचारलं.

"उजेड दिसतो," सर म्हणाले. "तुम्हाला तेव्हा काय दिसलं, ते सांगा."

मी सांगायचा प्रयत्न केला. मराठीचा शिक्षक असून मला ते नीट सांगता आलं नाही. सर म्हणाले, "तो तर दोष होता." मग खुर्ची थोडी पुढे ओढून म्हणाले, "रोज ओरडायचो मी तिला."

एका संध्याकाळी त्यांनी पडद्याकडे बघत हाक दिली, "सुमन, हात हालू दे."

आतून आवाज आला, "मुद्दाम हालवला तर नाटक व्हतं, सर. आपसूक हालायला दमावं लागतं. थांबा वाईच, अजून दमले न्हाई."

मग आम्ही तिघे सुमनताई दमायची वाट बघत बसलो. ती दमली. उजेड खाली गेला, वर आला. मला तसंच दिसलं, अंगणातल्या त्या संध्याकाळसारखंच. मी सरांकडे बघितलं. ते पुढे वाकून, डोळे बारीक करून, पाचवीच्या पोराची पाठ बघावी तसे बघत होते.

"परत," ते म्हणाले.

असं बारा दिवस चाललं. तेराव्या दिवशी मी गेलो तेव्हा सर खुर्चीवर बसले होते. पडदा बांधलेला होता, मागे अंधार होता. मी विचारलं, सुमनताई कुठे आहे? सर म्हणाले, आज यायची नाही, उद्याही नाही, तिचा कांदा काढायला आलाय. एवढं सांगून ते परत पुढे वाकून पडद्याकडे बघायला लागले.